अर्धी भूल, पूर्ण भूल

बडोद्यात ‘भूलतज्ज्ञ’ अशी पाटी लावण्यात धोका आहे. दांडिया बाजारातला मराठी माणूस ती वाचून बिनघोर आत शिरेल, पण त्याचा गुजराती शेजारी पायरीवरच थबकेल. त्याच्या भाषेत भूल म्हणजे चूक. चुकांमध्ये तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरच्या हाती बायकोला कोण सोपवेल? त्यापेक्षा पाटीवर ‘एनेस्थेटिस्ट’ बरा. भूल मग मराठी घरांत, सासू-सुनांच्या बोलण्यात उरते. सिझरची तारीख ठरली की पहिल्या प्रश्नांत हा एक असतोच: भूल कोणती देणार, अर्धी की पूर्ण?

या प्रश्नातला एकेक शब्द उचलून पाहण्यासारखा आहे.

भूल मराठीला आणि गुजरातीला एकाच घरातून मिळाली. बाराव्या शतकात गुजरातेतल्या पाटणला हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण रचलं. संस्कृतातल्या ‘भ्रंश्’ म्हणजे घसरणं, ढळणं या धातूच्या जागी प्राकृतात कोणकोणते धातू येतात, ते त्यानं एका सूत्रात सांगितलं आहे: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क आणि भुल्ल. ही यादी वाचताना मराठी माणसाला गावच्या जत्रेत आल्यासारखं वाटतं, सगळे चेहरे ओळखीचे. शेवटचे दोन तर रोजच्या बोलण्यातले, चुकणं आणि भुलणं. चूक आणि भूल ही तिथे सख्खी भावंडं आहेत, दोघांचाही अर्थ जागेवरून ढळणं.

पुढे भावंडांनी कामं वाटून घेतली. मराठीत चूक हिशेबाच्या वहीत गेली आणि भूल रानात. रानात भूल पडते, म्हणजे वाट ओळखीची असूनही माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो. रूपाची भूल पडते, कुणी भूल घालतं, कुणी भुलवून नेतं. या कशातही दोष माणसाच्या माथी नाही. काहीतरी बाहेरून येतं, भान घेऊन जातं आणि काही वेळानं आपण होऊन सोडतं. एकोणिसाव्या शतकात क्लोरोफॉर्म आला तेव्हा टेबलावरच्या माणसाचं नेमकं हेच होत होतं. मराठीला नवा शब्द घडवावा लागला नाही, फक्त क्रियापद बदललं. भूल घालणारी जखीण गेली आणि भूल देणारा डॉक्टर आला. ताप उतरतो, विष उतरतं, नशा उतरते, तशी ही नवी भूलही जुन्या रीतीप्रमाणे उतरते.

गुजरातीत मात्र भूल वहीतच राहिली. क्लोरोफॉर्मसाठी त्या भाषेनं दुसरी सोय केली आणि ती अगदी व्यवहारी केली: ‘शीशी सूंघाडवी’, म्हणजे बाटली हुंगवणं. जखीण नाही, रान नाही. बाटली आणि नाक. बिलाच्या तळाशी मात्र दोन्ही भाषा पुन्हा एकत्र येतात. मराठी दुकानदार ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहितो, गुजराती ‘भूलचूक लेवी देवी’. हेमचंद्राच्या सूत्रातली भावंडं अजून एका ओळीत बसलेली आहेत, फक्त आधी कोण हे ठरत नाही. भूल देण्याच्या फीच्या पावतीवर ते वाक्य छापलेलं असलं तर मराठी पेशंटनं काय समजावं, हे मला कधी एखाद्या डॉक्टर मित्राला विचारायचं आहे.

परिभाषा करणाऱ्यांना भूल पुरेशी शास्त्रीय वाटली नसावी. त्यांनी शुद्धिहरण, संवेदनाहरण, बधिरीकरण असे शब्द बसवले. गुजराती परिभाषेत निश्चेतना आली. ‘हरण’ म्हटलं की आपल्याला सीता आठवते, नाहीतर द्रौपदीचं वस्त्र. भूल देतात, हरण मात्र करतात, आणि तेही न विचारता. एवढ्या एका कारणासाठी माझं मत भुलीला.

इंग्रजी शब्दही असाच बसवलेला आहे. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे चारचौघांत दाखवलं. महिन्याभरानं, २१ नोव्हेंबरला, ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-कवीनं त्याला पत्र लिहून ‘अ‍ॅनेस्थेशिया’ हे नाव सुचवलं. ग्रीक ‘आइस्थेसिस’ म्हणजे जाणवणं. तिला नकाराचा ‘अन्’ लागला. अनंत आणि अनादीतला आपला ‘अन्’ त्याचाच भाऊ. बाळंतपणाच्या ‘वेणा’ मराठीत ‘वेदने’तून आल्या आणि वेदना आली ‘विद्’ म्हणजे जाणणं या धातूतून. ग्रीकांनी आणि आपण, दोघांनीही दुखणं जाणण्याच्याच खात्यात टाकलं आहे. जाणीव थांबवली की दुखणं थांबतं, हे त्या हिशेबानं ओघानंच आलं. पण दुखणं थांबवून बाकीची जाणीव तेवढी ठेवता येईल, हे त्या शब्दांत कुठेच नव्हतं. ते पुढे सुईनं करून दाखवलं.

संस्कृतात भुलीच्या जागी मोह आहे. मोह म्हणजे भ्रम आणि मोह म्हणजे मूर्च्छाही. बल्लाळाच्या भोजप्रबंधात भोजराजाचं डोकं दुखायला लागतं, तेव्हा वैद्य त्याला मोहचूर्णानं बेशुद्ध करतात, कवटी उघडतात, आतलं दुखणं काढतात आणि संजीवनी देऊन शुद्धीवर आणतात. गोष्टच आहे ती, केस-पेपर नव्हे. गोंडलचे राजे भगवतसिंहजी हे एडिनबर्गला शिकलेले डॉक्टर. आर्यवैद्यकाच्या इतिहासावरच्या १८९६ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी ती मोठ्या अभिमानानं सांगितली आहे. गुजरातीचा अवाढव्य भगवद्गोमंडल कोश याच राजानं करवला. ज्याला शस्त्रं आणि शब्द दोन्हींची हौस आहे असा राजा भूल सोडून दुसऱ्या कशावर थांबेल?

मोहाचा धातू ‘मुह्’. त्याच धातूचा ‘मूढ’, आणि सुश्रुतसंहितेत अडलेल्या बाळाला नाव आहे मूढगर्भ. मूढ म्हणजे इथे मूर्ख नव्हे. वाट चुकलेला, कुठून बाहेर पडायचं ते न कळलेला गर्भ. आपल्या मराठीत म्हणायचं तर रानभूल पडलेला. सुश्रुत त्याला हातानं कसा वळवायचा ते सांगतो. दिवस भरलेली आई मरण पावली आणि पोटात हालचाल दिसली, तर वैद्यानं तत्काळ पोट चिरून मूल काढावं, हेही सांगतो. पण मेल्यावर. जिवंत बाईचं पोट चिरायचं तर मोहचूर्णाची गोष्ट खरी व्हावी लागली असती.

याच धातूजवळ एक तिसरा शब्द उभा आहे, आणि तो तर बडोद्यापासून पुण्यापर्यंत सगळीकडे सिझरच्या खोलीत येऊन बसला आहे: मुहूर्त. यास्कानं निरुक्तात त्यातल्या ‘मुहुर्’चं नातं मूढाशी जोडलं आहे, भुलल्यासारखा झटकन निघून जाणारा काळ म्हणून. मुहूर्त म्हणजे दिवसरात्रीचा तिसावा भाग, ४८ मिनिटं. सिझरला साधारण पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे जेमतेम एक मुहूर्त. दुसरी काही अडचण नसली तर डॉक्टर ३९ आठवडे भरू द्यायला सांगतात. पुढच्या दिवसांत ज्योतिषी वेळ काढतात. घरचे त्यावर आठवडाभर फोन करतात. भुलीची चर्चा मात्र पाच मिनिटांत आटोपते, तीही बहुधा आदल्या दिवशी. वाट चुकलेला गर्भ आणि गुंगीचं चूर्ण ज्या धातूतून निघाले, त्याच्याच शेजारच्या या वेळेवर एवढा जीव टाकायचा आणि भुलीवर नाही, याचं मला नवल वाटतं.

सिझर हा शब्द उलगडायला सोपा, पण त्याच्याभोवती गैरसमज फार. ज्युलियस सीझर पोट चिरून जन्मला म्हणून हे नाव, असं शाळेत सांगतात. प्राचीन रोममध्ये अशी शस्त्रक्रिया मेलेल्या किंवा मरणाऱ्या बाईवरच होई. सीझरची आई ऑरेलिया तर तो पन्नाशीच्या आसपास येईपर्यंत जिवंत होती. थोरला प्लिनी हे नाव त्या घराण्यातल्या पहिल्या पुरुषाकडे नेतो आणि लॅटिनमधल्या कापण्याच्या क्रियापदाशी, ‘केडेरे’शी जोडतो. शस्त्रक्रियेचं नावही त्याच कापण्यातून आलं असावं, राजा मागाहून चिकटला. १५८१ साली फ्रान्स्वा रूसे या फ्रेंच वैद्यानं जिवंत बाईवरच्या या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘सीझरी बाळंतपण’ होतं. जर्मन तर सरळ ‘कैसरचा छेद’ म्हणतात. मराठीनं शेपटी छाटून ‘सिझर’ केलं आणि कापणाऱ्या शब्दाला नकळत पुन्हा राजाच्या नावावर आणून ठेवलं. ‘तिचं सिझर झालं’ हे वाक्य रोमन माणसाला भलतंच काही सांगेल.

त्याच्यासमोर उभं असलेलं ‘नॉर्मल’ लॅटिन ‘नोर्मा’तून आलं. नोर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन पाहायचा. प्रसूतिगृहाच्या दारात नातेवाईक विचारतात, ‘नॉर्मल की सिझर?’ म्हणजे गुण्याला लावून सरळ की कापून. दोन्ही शब्द सुताराच्या हत्यारपेटीत शोभतील. गुण्या आपल्याबरोबर ‘बरोबर’पणा घेऊन येतो, त्यामुळे सिझर झालेली बाई काही चुकल्यासारखी मान खाली घालून घरी येते. शब्दानं केलेला हा अन्याय आहे.

कैसरावरून आठवलं. व्हिक्टोरिया राणीनं १८७७ पासून ‘कैसर-ए-हिंद’ ही पदवी घेतली आणि बडोद्याच्या गायकवाडांच्या पदव्यांत ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ होती. फर्जंद म्हणजे लेकरू. तेव्हा आमचा राजा कागदोपत्री कैसरच्या सत्तेचं लाडकं लेकरू होता. या कैसरबाईंचं सिझर कधी झालं नाही, पण बाळंतपणातली भूल प्रतिष्ठित केली ती त्यांनीच. एडिनबर्गच्या जेम्स सिम्प्सननं १८४७ च्या जानेवारीत प्रसूतीत ईथर दिला आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म आणला. वेदनेनं प्रसवशील असा शाप बायबलात हव्वेला आहे, तो माणसानं कसा पुसायचा, असा वाद लगेच उभा राहिला. ७ एप्रिल १८५३ ला प्रिन्स लिओपोल्डच्या वेळी जॉन स्नो या डॉक्टरनं राणीला रुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म दिला, ५३ मिनिटं. त्यानंतर शापाची चर्चा हळूहळू विरली. राणीला कोण शाप आठवून देणार? तिची शुद्ध पूर्ण गेली नव्हती, एवढं ध्यानात ठेवावं. पुढे ते कामाला येईल.

बडोद्यात बायकांसाठी दवाखान्याची चळवळ या कैसरच्याच काळात पोचली. लॉर्ड डफरिननं १८८६ साली इथे काउंटेस ऑफ डफरिन हॉस्पिटलची कोनशिला बसवली. त्याचंच पुढे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल झालं, लोकांचं ‘सयाजी’. १९४९ साली मेडिकल कॉलेज त्याला जोडलं गेलं. त्याच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर होता. मूढगर्भ त्यांना परका नव्हता.

आता सुईकडे. पूर्ण बेशुद्ध करून केलेल्या बाळंतपणात एक जुना धोका होता. गरोदर बाईचं पोट एरवीच लवकर रिकामं होत नाही, आणि शुद्ध गेली की पोटातलं उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसननं याचा नीट अभ्यास मांडला. आजही सिझरच्या आधी अनशापोटी, म्हणजे गुजराती सिस्टरच्या शब्दांत ‘नरणा कोठे’, राहायला लावतात ते त्यासाठी. या धोक्याला वळसा घालणारा रस्ता त्याच्याही आधी सापडलेला होता. १८९८ साली जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बीअर या सर्जननं आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यानं एकमेकांच्या पाठीत सुई घालून कोकेनचा प्रयोग करून पाहिला. बीअरच्या वेळी सिरिंज बसेना, पाठीतलं पाणी वाया गेलं. हिल्डेब्रांटच्या वेळी जमलं. मग बीअरनं त्याच्या पायावर चिमटे, सुया, हातोडी आणि पेटती सिगार असं सगळं लावून पाहिलं. त्याला दुखलं नाही. त्या रात्री दोघांनी जेवून पिऊन मजा केली आणि नंतर बीअरचं डोकं कित्येक दिवस दुखत राहिलं. सुईच्या भोकातून पाणी झिरपलं की डोकं दुखतं, बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. हे बीअरनं स्वतःच भोगून पाहिलं. आता सुया बारीक झाल्या, त्यांची टोकं बदलली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला, पण संपलेला नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरनं तो सांगायला हवा आणि बाईनं विचारायला हवा.

‘पाठीत इंजेक्शन’, ‘मणक्यातली भूल’ असं आपण म्हणतो. मणका म्हणजे छोटा मणी, गुजरातीतही ‘मणको’ दोन्ही अर्थांनी चालतो. बाईला टेबलावर बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ धनुष्यासारखी वाकवायला सांगतात, कारण माळ वाकवली की मण्यांमधली दोरी दिसते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई त्याच्या बरीच खाली जाते. तरीही ‘सुई मज्जेला लागली तर’ ही भीती घराघरांत असते.

या सुईच्या वाटेवर एक आई बसलेली आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या जाड आवरणाला लॅटिनमध्ये ‘ड्युरा मातेर’ म्हणतात: कठोर आई. बाराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली त्यांतून हे नाव आलं. जी वस्तू दुसरीला वेढून सांभाळते तिला अरबीत ‘उम्म’, आई, म्हणायची रीत होती. भाषांतरकारांनी आई तशीच उचलली. ‘एपिड्युरल’ म्हणजे त्या कठोर आईच्या बाहेरच थांबलेली. तिथे बारीक नळी ठेवून लागेल तसं औषध देत राहता येतं, म्हणून कळा देणाऱ्या बाईला ती सोयीची. ‘स्पायनल’ची सुई मात्र कठोर आईला भेदून आतल्या पाण्यात पोचते. औषध थोडं लागतं, काही मिनिटांत काम होतं, पण एकदाच दिलेलं असतं. ठरवून केलेल्या सिझरला बहुधा हीच वापरतात. आपल्या परिभाषेत या आवरणाला दृढतानिका केलं. त्या नावातली आई गेली आणि प्रसूतीच्या टेबलावर ती नसणं मला जरा चुकल्यासारखं वाटतं.

औषध बहुधा ब्युपिव्हाकेन, आणि टेबलापाशी त्याचं नाव नुसतं ‘हेवी’. त्यात डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं, त्यामुळे ते पाठीतल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि तळाशी बसत पसरतं. टेबल कलतं करून ते कुठवर जावं हे ठरवता येतं. इकडे डॉक्टर ‘हेवी’ म्हणतो आणि मिनिटभरात बाई सांगते, ‘पाय जड झाले.’ तिनं डॉक्टरचं ऐकलेलं नसतं. मराठीत जड म्हणजे वजनदार, पण संस्कृतात ‘जड’ म्हणजे आधी गार, थिजलेलं, संवेदना नसलेलं. त्या बाईच्या तोंडून शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी बाहेर पडतात, तिला नकळत. भूल कुठवर चढली ते पाहायला डॉक्टर स्पिरिटचा बोळा किंवा बर्फ लावतो आणि विचारतो, ‘थंड लागतंय का?’ गारव्याची जाणीव कुठे संपते तिथवर भूल पोचली, असा हिशेब.

जड व्हायच्या आधी मराठी पायांना मुंग्या येतात. गुजराती पायांना ‘खाली चढते’. तिथे खाली म्हणजे रिकामं, मूळ अरबी. शेजारची हिंदी ‘सुन्न’ म्हणते, म्हणजे शून्य. दोन्हीकडे पाय रिकामा होतो. पण मराठी कानाला ‘पगमां खाली चढी?’ हा गुजराती सिस्टरचा प्रश्न म्हणजे कोडं. खाली आणि तेही चढलं? सिझरच्या टेबलावर मात्र ते अक्षरशः खरं आहे: खालून चढत वर येतं, छातीपर्यंत.

आणि शेवटी बधिर. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा. त्यातूनच मराठीत बहिरा आला, गुजरातीत बहेरो. दोन्ही भाषांनी कानाचा शब्द कातडीला लावला. मराठीत पाय बधिर होतो, गुजरातीत त्याला ‘बहेर मारी जाय’. दुखणं हाक मारतं आणि अवयवाला ती ऐकू येत नाही, अशी कल्पना. मी ऐकलेल्या सगळ्या शब्दांत मणक्यातल्या भुलीला सर्वांत चोख बसतो तो हा. सुई मेंदूला हात लावत नाही; पोटाकडून मेंदूकडे जाणारी हाक वाटेत अडवते. बाई जागी, शुद्धीत. ओढाताण जाणवते, दाब जाणवतो, ‘कुणीतरी पोटात हात घालून पिशवी आवरतंय’ असं बायका सांगतात. दुखत नाही. कमरेखाली बहिरी, आणि कानांनी सगळं ऐकते: कात्रीचा आवाज, डॉक्टरांच्या गप्पा, बाळाचं रडणं.

आता त्या प्रश्नाकडे. अर्धी की पूर्ण?

अर्धी हा शब्द इथे फार नुकसान करतो. अर्धा चहा, अर्धं तिकीट, अर्धी रजा: मराठीत अर्धं म्हणजे कमी. ‘अर्धी भूल’ म्हटलं की बाईच्या मनात येतं, अर्धं दुखेल. पूर्ण भूल मागणाऱ्या बायकांमध्ये पुष्कळ जणी या हिशेबानं मागतात; फी देतोय तर पूर्णच द्या. खरं म्हणजे इथे अर्धं आहे ते अंग, भूल नव्हे. जिथे दिली तिथे ती पुरेपूर असते. उलट ‘पूर्ण’ म्हटल्यानं जनरल भूल वरच्या दर्जाची वाटते. ती वेगळ्या कामाची आहे. रक्तातल्या प्लेटलेट फार कमी असल्या, रक्त पातळ करणारी औषधं चालू असली, पाठीच्या कण्याचं काही मोठं ऑपरेशन झालेलं असलं, सुईच्या जागी संसर्ग असला, किंवा बाळाला वाचवायला क्षणांचाही अवधी नसला, तर तीच द्यावी लागते. त्यात औषध रक्तातून वारेपर्यंत आणि वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून बेशुद्ध केल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत सर्जनचे हात घाईत असतात.

सुश्रुत गरोदर बाईला दौहृदिनी म्हणतो, दोन हृदयांची. त्याच कुळातल्या ‘दोहद’मधून आपले डोहाळे आले. डोहाळजेवणाला सगळ्या बायकांना हा शब्द ठाऊक असतो, त्यातली दोन हृदयं कुणाला दिसत नाहीत. भूल देणाऱ्या डॉक्टरला ती सतत दिसत असतात: मणक्यातल्या भुलीनं आईचं ब्लडप्रेशर उतरतं, मग बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून तिला किंचित डाव्या कुशीवर कलवून ठेवतात आणि प्रेशर चढवणारं औषध हाताशी असतं. त्या वेळी मळमळतं, थंडी वाजून दात वाजतात. हे आधी सांगितलं नाही तर बाईला वाटतं काहीतरी बिनसलं.

पाठदुखीचंही सांगून टाकतो, कारण त्याशिवाय बडोद्यातलं एकही मराठी डोहाळजेवण पार पडत नाही. ‘सिझरच्या सुईनं माझी पाठ जन्माची गेली’ असं सांगणारी एक तरी मामी प्रत्येक घरात आहे. सुईच्या जागी चार दिवस ठणका राहतो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या पाठदुखीचा त्या सुईशी संबंध अभ्यासांत दिसून आलेला नाही. पाठ दुखते ती गरोदरपणानं सैल झालेल्या सांध्यांमुळे, बाळाला उचलून, वाकून पाजून. मामींना हे पटवायला मी जात नाही. सुईला बोल लावता येतो, बाळाला लावता येत नाही.

राहिला ‘कोणती’. निवडणं हे आपलं क्रियापद तांदळाच्या सुपातलं आहे. तांदूळ निवडताना आपण चांगला दाणा उचलत नाही, खडा काढून टाकतो. उरतात ते तांदूळ. भूल निवडतात ती अशीच. आदल्या दिवशीच्या तपासणीत डॉक्टर विचारतो: आधी कधी भूल दिली होती का, तेव्हा काही झालं का, हिरड्यांतून रक्त येतं का, कसली अ‍ॅलर्जी, दात हलतो का, तोंड पूर्ण उघडून दाखवा. प्रत्येक उत्तरानं एकेक खडा निघतो. साड्यांच्या दुकानात उभं राहून पसंत करावी तशी ही निवड नाही. पण सुपात शेवटी दोन्ही प्रकारचे दाणे उरले, तर मात्र बाईचा शब्द चालायला हवा. मला जागं राहायचंय, किंवा मला तिथलं काही ऐकायचं नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि दुसरं म्हणणाऱ्या बाईला भित्री ठरवायचं कारण नाही. जागं राहून बरोबर कानात गाणी लावणं किंवा भुलीच्या डॉक्टरला बोलत राहायला सांगणं, हा मधला मार्ग पुष्कळ ठिकाणी चालतो. व्हिक्टोरियाही शुद्धीत होती.

या निवडीखाली सही लागते. ‘सही’ अरबी ‘सहीह’मधून आली: बरोबर, धडधाकट. आणि जिच्यावर ती करायची ती ‘संमती’ म्हणजे सम्-मती, दोघांची बुद्धी एके ठिकाणी येणं. डॉक्टरला ठाऊक आहे आणि बाईला नाही, तोवर ती संमती होत नाही, नुसती सही होते. दिल्लीतल्या एका बाईच्या दाव्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. ती बाई तपासणीसाठी भुलीखाली होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरनं मोठी शस्त्रक्रिया करून टाकली. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि समजत्या बाईसाठी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. तातडीनं जीव वाचवायचा प्रसंग तेवढा अपवाद. तरीही प्रसूतिगृहांत कागद आधी नवऱ्याच्या हातात जातो, कधी सासऱ्याच्या.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातले शब्द आठ भाषांत लावून १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढवला, कारण ज्या कागदावर रयतेचं बरंवाईट ठरतं तो रयतेला वाचता यावा. प्रसूतिगृहातल्या कागदालाही तसा कल्पतरू हवा. त्यावर इंग्रजीत ‘स्पायनल’ आणि ‘जनरल’ अशा दोन चौकटी असतात. त्या चौकटींखाली बाईच्या बोलीत चार ओळी असाव्यात: पाय जड होतील, थंडी वाजेल; ओढल्यासारखं वाटेल; सगळं ऐकू येईल; दोन-चार तासांनी पाय परत येतील. आणि पाचवी ओळ जाड ठशात: दुखलं तर सोसू नका, लगेच सांगा, दुसरी भूल देता येते.